सनईचा सूर, बासरीचा सूर आणि वादकाला येणारी चक्कर

लग्नमंडपाच्या दारात सनई सुरू झाली की मोठ्यांचे लक्ष सुरांकडे जाते आणि लहान मुलांचे वादकाच्या फुगलेल्या गालांकडे. ‘हा माणूस न थांबता एवढा वेळ फुंकतो तरी कसा?’ हा मुलांचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याच्या पुढचा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही: एवढे फुंकताना त्याच्या शरीरात काय होते? फुंकून वाजवायच्या, म्हणजे सुषिर वाद्यांत सूर कसा तयार होतो हे समजले की दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याला ही वाद्ये नवी नाहीत. अजिंठ्याच्या एक क्रमांकाच्या लेणीत महाजनक जातकाचे चित्र आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील या चित्रात नर्तिकेच्या साथीला बासरीवादकही दिसतात. पोकळ नळी, फुंकायचे एक छिद्र आणि बोटांसाठी काही छिद्रे ही बासरीची मूळ रचना आजही तीच आहे.

फुंक म्हणजे सूर नव्हे

बासरीची फुंक आपल्या कानापर्यंत येत नाही. ती वादकापासून हातभर अंतरावरच विरून जाते. सूर मात्र सभागृहाच्या शेवटच्या रांगेत पोहोचतो, कारण सूर म्हणजे वाहणारी हवा नसून हवेची थरथर आहे. नळीत कोंडलेला हवेचा स्तंभ पुढे-मागे थरथरतो. फुंकेचे काम एवढेच, की ही थरथर चालू ठेवायची. झोका चालू ठेवण्यासाठी योग्य वेळी हलका धक्का द्यावा लागतो, तसेच हे आहे.

थरथर किती वेगाने व्हावी हे मुख्यतः नळीची लांबी ठरवते. दोन्ही टोके उघडी असलेली 66 सेंटीमीटरची नळी घेतली, तर तिच्यातील हवा सेकंदाला सुमारे 260 वेळा थरथरते. लांबी निम्मी केली की आकडा दुप्पट होतो आणि सूर वरच्या सप्तकात जातो. वादक छिद्रावरचे बोट उचलतो, तेव्हा तो खरे तर नळीची लांबीच कमी करत असतो.

हवा तापली की तिच्यातून आवाज अधिक वेगाने जातो. 20 अंश सेल्सिअसला हा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर असतो, तर 40 अंशांना सुमारे 355 मीटर. त्यामुळे डिसेंबरच्या सकाळी हार्मोनियमशी जुळलेली बासरी मे महिन्याच्या दुपारी चढी लागते. हार्मोनियमचा सूर धातूच्या पट्टीवर ठरतो आणि ती उष्णतेने फारशी बदलत नाही. हवेतला हा फरक साडेतीन टक्के आहे, म्हणजे षड्ज आणि कोमल रिषभ यांच्यातील अंतराच्या निम्म्याहून थोडा अधिक. वादकाच्या उबदार श्वासामुळे तो प्रत्यक्षात काहीसा कमी होतो. तरीही वाजवण्याआधी वादक नळीत काही वेळ फुंकून ती ऊबवतात, ते याच कारणाने.

एकीला हवा हवी, दुसरीला दाब

थरथर सुरू करण्याच्या पद्धती मात्र वेगळ्या आहेत. बासरीत ओठांतून निघालेला हवेचा पातळ झोत छिद्राच्या समोरच्या कडेवर आदळतो आणि आळीपाळीने नळीच्या आत-बाहेर वळतो. ओठ आणि कड यांमधली जागा उघडीच असते, त्यामुळे हवा अडत नाही. बासरीला दाब कमी लागतो, पण हवा भरपूर लागते.

सनईच्या तोंडाशी दोन पातळ पात्यांची पत्ती असते. फुंकेच्या दाबाने या पात्या मिटू लागतात आणि नळीतून परतणारी दाबाची लाट त्यांना पुन्हा उघडते. सेकंदाला शेकडो वेळा उघडमीट करणारी ही झडपच म्हणायची. आपल्या स्वरयंत्रातील स्वरतंतूही असेच उघडमीट करत हवा तुकड्यातुकड्यांनी सोडतात. पात्यांमधली फट अगदी अरुंद असल्याने सनईला हवा थोडी पुरते, पण दाब मोठा लागतो.

किती मोठा? सनईच्याच घराण्यातील पाश्चात्त्य वाद्य म्हणजे ओबो. ते वाजवताना तोंडातील दाब 40 मिलिमीटर पाऱ्याच्या पुढे सहज जातो. साध्या बोलण्यात स्वरयंत्राखाली तो 5 मिलिमीटरच्या आसपास असतो.

चक्कर एक, कारणे दोन

बासरी नव्याने शिकणाऱ्याला दहा मिनिटांत गरगरते आणि बोटांना मुंग्या येतात. घरच्यांना वाटते, अशक्तपणा आहे. खरे तर भराभर आणि खोल श्वास सोडल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि चक्कर येते. बासरी खाली ठेवून शांत बसले की काही मिनिटांत बरे वाटते. फुंक नेमकी कडेवर मारण्याची सवय झाली की हवा वाया जात नाही आणि त्रासही थांबतो.

सनईवादकाची चक्कर वेगळी असते. छातीत दाब वाढला की शरीरातून हृदयाकडे परतणारे रक्त अडते. मानेच्या शिरा फुगतात, चेहरा लाल होतो, डोळ्यांतील दाबही तेवढ्यापुरता वाढतो. शिवाय हवा थोडीच बाहेर जात असल्याने जुनी, कार्बन डायऑक्साइडने भरलेली हवा छातीत साठून राहते.

यावर वादकांनी जुनी युक्ती शोधली आहे. गालांत हवा साठवायची, गाल आवळून ती पत्तीत सोडायची आणि त्याच क्षणी नाकाने श्वास घ्यायचा. त्या क्षणी टाळू आणि जीभ तोंडाचा मागचा भाग बंद ठेवतात. मुलांना दिसणारे ते फुगलेले गाल म्हणजे ही टाकी असते. न थांबता एकच सूर धरणारा साथीदार तासन् तास वाजवू शकतो तो हिच्याच जोरावर.

या व्यायामाचा उपयोग होतो का? स्वित्झर्लंडमध्ये झालेला एक प्रयोग 2006 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. झोपेत श्वास अडणाऱ्या 25 रुग्णांपैकी काहींना ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे डिजरिडू हे लांब नळीचे वाद्य चार महिने वाजवायला दिले. त्यातही गालांत हवा साठवण्याची हीच युक्ती लागते. त्यांची दिवसाची झोपाळू अवस्था कमी झाली. प्रयोग छोटा होता. त्यावरून सनई वाजवली की घोरणे थांबते असे म्हणता येणार नाही, आणि डॉक्टरांनी दिलेले उपचार तर मुळीच सोडू नयेत.

सांभाळायच्या गोष्टी मात्र स्पष्ट आहेत. काचबिंदू, हर्निया किंवा आवाक्यात नसलेला रक्तदाब असलेल्यांनी सनई, तुतारी अशी जोराच्या फुंकेची वाद्ये वाजवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. वाजवून झाल्यावर नळी पुसून वाळवावी. ओल्या वाद्यात बुरशी धरते आणि तिचे कण श्वासावाटे फुप्फुसात जातात. न वाळवलेल्या बॅगपाइपमुळे फुप्फुसाचा गंभीर आजार झाल्याची नोंद ब्रिटनमधील डॉक्टरांनी केली आहे. पत्ती प्रत्येकाची स्वतंत्र असावी.

शेवटची गोष्ट लग्नसराईत रोज वाजवणाऱ्यांसाठी. खोकला दोन आठवड्यांहून अधिक राहिला, वजन घटले किंवा पूर्वी सहज पेलणारा लांब सूर मध्येच तुटू लागला, तर ‘धुळीचा त्रास आहे’ म्हणून हंगाम काढू नये. घाटीसह सरकारी रुग्णालयांत क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. सुपारी घेतलेली असली, तरी सकाळच्या तपासणीला जाऊन संध्याकाळची वरात वाजवता येते.