आजारपणाचा खर्च कोणी सोसायचा?

वाचकहो, वेरूळला कैलास लेणे पाहायला आलेला माणूस एक प्रश्न हटकून विचारतो, "एवढ्या कामाला पैसा कोणी दिला असेल हो?" आपण राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचे नाव सांगतो आणि विषय तेथेच संपतो. आज मात्र मला ज्या खर्चाविषयी तुमच्याशी बोलायचे आहे, त्यामागे कोणी राजा उभा नाही आणि त्याला मुहूर्तही नाही. तो खर्च म्हणजे आजारपणाचा.

समजा, वेरूळच्या एका घरात कर्त्या माणसाच्या छातीत मध्यरात्री कळ आली. घाट चढून, खुलताबाद ओलांडून शहर गाठायचे म्हणजे तीसेक किलोमीटरची वाट. गाडीभाडे, तपासण्या, औषधे, सोबत आलेल्यांचे खाणेपिणे. माणूस वाचतो, ही देवाची कृपा. पण घरी परतेपर्यंत बैलजोडी गेलेली असते, नाहीतर लेकीच्या लग्नाचे दागिने गहाण पडलेले असतात. दुखणे आठ दिवसांत सरते, कर्ज आठ वर्षे पुरते.

असे का होते, ते नीट समजून घेऊ. उपचाराचा पैसा मुख्यतः तीन वाटांनी येतो. पहिली वाट रोग्याच्या खिशाची. दुसरी, सर्वांनी आगाऊ वर्गणी भरून ठेवलेल्या निधीची. यालाच आपण विमा म्हणतो. तिसरी, सरकारने गोळा केलेल्या कराची. भारतात २००४-०५ साली आरोग्यावरच्या एकूण खर्चापैकी ६९.४ टक्के खर्च लोकांच्या खिशातून होत होता. २०२१-२२ पर्यंत हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. सुधारणा खरीच, तरी शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये अजून रोग्याचे घरच देत होते.

वर्गणीच्या वाटेचे गणित शाळेतल्या मुलांनाही घालता येईल. गावात पाचशे कुटुंबे आहेत. वर्षाला त्यांतल्या दहांवर पन्नास हजारांचे आजारपण कोसळते. एकूण खर्च पाच लाख. तो दहा घरांनीच सोसला तर दहा घरे बुडतात. पाचशे घरांनी वाटून घेतला तर घरटी हजार रुपये पडतात आणि कोणीच बुडत नाही. मात्र एक अट आहे, बरं का. धडधाकट माणसांनीही वर्गणी भरली पाहिजे. केवळ आजारीच सामील झाले, तर निधी पहिल्याच वर्षी आटेल.

ही कल्पना परकी नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळचा, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला एक शिलालेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने गोवर्धन येथील तेली व इतर कारागिरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव ठेवली. कशासाठी? तिच्या व्याजातून आजारी भिक्षूंना औषध मिळावे म्हणून!

आपल्याच काळात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या खेड्यांसाठी अशीच योजना चालवली. तेथे वर्गणी पैशाने नव्हे, ज्वारीने घेत. सुगीच्या दिवसांत घरात धान्य असते, म्हणून वसुलीही तेव्हाच. भूमिहीनाने कमी द्यायची, जमीनवाल्याने जास्त. पण उपचार दोघांना सारखाच. आणि गावातली बहुतेक घरे सामील झाली, तरच ते गाव योजनेत घेत. आपले पाचशे घरांचे गणित तेथे प्रत्यक्षात उतरले होते.

परंतु एका गावाचा निधी मोठ्या शस्त्रक्रियेला पुरत नाही. तेथे सरकारच पाहिजे. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१३ मध्ये ती राज्यभर पोहोचली. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले आणि २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडून चालू लागली. पूर्वी कुटुंबाला वर्षाला दीड लाखांपर्यंत संरक्षण होते. २०२३ च्या निर्णयाने ते पाच लाख झाले व सर्व शिधापत्रिकाधारकांना खुले केले गेले. शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार विनामूल्य झाले.

मग अडचण कुठे राहिली? योजना ठरावीक शस्त्रक्रिया व उपचारांचा खर्च भागवते, तोही यादीतल्या रुग्णालयात. रोजच्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या, गाडीभाडे, बुडालेली मजुरी हे सगळे घरच्याच माथी राहते. आणि मोठी रुग्णालये बहुधा शहरांत.

आता जरा दूर पाहू. आफ्रिकेतील देशांपुढेही हाच प्रश्न आहे. एप्रिल २००१ मध्ये अबुजा येथे त्यांच्या प्रमुखांनी अंदाजपत्रकाचा किमान १५ टक्के भाग आरोग्याला देण्याचे वचन दिले. बहुतेकांना ते पाळता आले नाही. घानाने २००३ साली कायदा करून राष्ट्रीय आरोग्य विमा आणला व त्यासाठी विक्रीच्या मालावर अडीच टक्के वेगळी पट्टी बसवली. रवांडाने गावोगावी परस्पर विमा उभा केला आणि अगदी गरिबांची वर्गणी त्यांच्याकडून न घेता परस्पर भरण्याची सोय केली. जे देश परदेशी मदतीवर विसंबले, त्यांना २०२५ च्या आरंभी मोठा धक्का बसला. अमेरिकेने मदत अचानक थांबवली आणि अनेक ठिकाणी दवाखान्यांचे काम अडले. दुसऱ्याच्या विहिरीवर मळा फुलवला, तर मोट कधी थांबेल ते आपल्या हाती राहत नाही.

आपल्या देशानेही २०१७ च्या आरोग्य धोरणात राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारी खर्चाचे लक्ष्य २०२५ पर्यंत ठेवले होते. २०२१-२२ साली आपण १.८४ टक्क्यांवर होतो. हे अंतर ज्या घरांच्या खिशातून भरले जाते, ती घरे तुमच्या-माझ्या गल्लीतच आहेत.

तर आपण काय करावे? शिधापत्रिकेवर घरातल्या सर्वांची नावे बरोबर आहेत की नाहीत, ते आजच पाहा. दवाखान्याच्या दारात ते पाहण्याची वेळ नसते. यादीतल्या रुग्णालयात गेल्यावर आधी आरोग्यमित्राला भेटा. १५५३८८ हा चौकशीचा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा, शेजारी रुग्णवाहिकेचा १०८. गावच्या आरोग्य व स्वच्छता समितीला वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंत मुक्त निधी मिळतो, तो कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारा. गुरुजींनी आणि बाईंनी हे ग्रामसभेत वाचून दाखवले, तर त्यांचे मोठे उपकार होतील.

दुखणे कोणाच्या घरी येईल, ते आपल्या हाती नाही. त्याचा भार एका घराने वाहायचा की साऱ्या गावाने, हे मात्र आपल्यालाच ठरवायचे आहे.