चीज टार्ट आणि फळांची चटणी : मर्यादेतील जोडी

लग्नसराईतील स्वागतसमारंभांच्या खाद्ययादीत अलीकडे एक पदार्थ हमखास आढळतो : तळहातावर मावेल एवढी खुसखुशीत वाटी, तीत चीजचे खमंग सारण आणि वर चमचाभर फळांची चटणी. यजमानाने यादीवर ‘जैन’ एवढा शब्द लिहिला की केटरर कांदा-लसूण वगळतो आणि काम झाले असे उभय पक्ष मानतात. वास्तविक या चिमुकल्या वाटीत कांदा-लसणाहून गंभीर असे तीन-चार प्रश्न दडलेले असतात. ते सोडवल्यावर जे उरते ते मात्र खरोखर रुचकर असते, म्हणून हा खटाटोप.

जोडी मूळची युरोपची. स्पेनमध्ये मांचेगो चीजबरोबर क्विन्स फळाची घट्ट वडी देतात. इटलीतील क्रेमोना शहरात मोहरीच्या तिखट पाकात मुरवलेली फळे प्रसिद्ध आहेत. इंग्लंडात चेडरशेजारी सफरचंदाची चटणी असते. तो ‘चटणी’ शब्द इंग्रजांनी येथूनच नेला, मात्र टिकाऊपणासाठी त्यात सिरका आणि साखर भरपूर ओतली. या जोडीमागील तत्त्व सरळ आहे. चीजमधील स्निग्धांश जिभेवर थर धरतो, फळाचा आंबटपणा तो कापतो, आणि गोडव्यामुळे मिठाचा करकरीतपणा निवतो. आपल्याकडे मठरीबरोबर कैरीचा छुंदा खातात, त्यामागे हेच तारतम्य आहे.

आता पहिला आणि सर्वांत मोठा प्रश्न. दूध फाडून त्याचे चीज करण्यासाठी रेनेट नावाचा द्रव्यांश लागतो आणि पारंपरिक रेनेट वासराच्या जठरातून काढले जाते. त्यासाठी वासराचा वध होतो. इटलीच्या पार्मिजानो-रेजानो चीजला तर नियमानेच वासराचे रेनेट बंधनकारक आहे, त्यामुळे अस्सल पार्मिजानोचा शाकाहारी प्रकार संभवतच नाही. फ्रान्सच्या रोकफोरमध्ये कोकराचे रेनेट असते. भारतात हिरव्या चिन्हासह विकले जाणारे चीज सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटवर तयार होते. किण्वनाचा विचार करून तेही न घेणारी कुटुंबे आहेत. त्यांच्यासाठी लिंबूरसाने फाडलेले घरचे ताजे पनीर हा निर्दोष मार्ग आहे.

वेष्टनावरचे चिन्ह दुकानात दिसते, हॉटेलच्या भटारखान्यात दिसत नाही. तेथे मोठी लादी फोडली जाते, वेष्टन कचऱ्यात जाते आणि वाढप्याला विचारले तर तो ‘प्युअर व्हेज’ असे निःशंक सांगतो. म्हणून इसार देण्यापूर्वीच चीजचे नाव, उत्पादक आणि हिरवे चिन्ह यांचा लेखी उल्लेख करारात घ्यावा. लाखोंचा माल उचलताना हुंडीतील प्रत्येक ओळ वाचणारा व्यापारी याच कागदावर न वाचता सही करतो, हे विचित्रच म्हणायचे.

दुसरा प्रश्न वाटीचा. बेकरीच्या तयार वाट्यांवर चकाकीसाठी अंड्याचा हात फिरवलेला असू शकतो आणि युरोपीय पद्धतीच्या सारणात तर अंडे हाच बांधणारा घटक असतो. लोणीही अभक्ष्यात गणले आहे. घरी हे सारे टाळता येते. २०० ग्रॅम मैद्यास ९० ग्रॅम गार थिजलेल्या तुपाचे मोहन चोळावे, अर्धा चमचा मीठ घालावे आणि उकळून गार केलेल्या तीन-चार चमचे पाण्याने पीठ जेमतेम एकत्र करावे. मळू नये, नाहीतर वाटी चिवट होते. पारी साच्यात दाबून काट्याने टोचावी, वर कागद ठेवून त्यात कोरडा राजमा भरावा आणि १८० अंशांवर १५ मिनिटे भाजावी. राजम्याच्या वजनाने तळ फुगत नाही.

सारणासाठी १०० मिलिलिटर दुधात चमचाभर कॉर्नफ्लोअर शिजवून घट्ट करावे. त्यात १५० ग्रॅम कुस्करलेले पनीर, १०० ग्रॅम किसलेले चीज, मिरपूड व भाजलेले जिरे मिसळून वाट्यांत भरावे आणि पुन्हा १५ मिनिटे भाजावे. आरारूट वापरू नये. ते कंदाचे पीठ आहे. बेसनाची वाटी करून वर कच्च्या दह्याचा चक्का घालण्याची नवी पद्धत निघाली आहे, ती द्विदलाच्या दोषात येते.

चटणीत इंग्रजी कृती जशीच्या तशी उचलली तर कांदा, आले, सिरका आणि कित्येकदा मधही येतो. आल्याऐवजी सुंठ, सिरक्याऐवजी लिंबू वा आमसूल, मधाऐवजी गूळ घेतल्यास चवीत उणेपणा तर येत नाहीच, उलट खोली येते. फ्रान्सची आवडती अंजिराची चटणी मात्र सोडावी लागते. बहुबीज आणि उदुंबर कुळातील फळ म्हणून व्रती श्रावक ते घेत नाहीत.

चेडरसारख्या तीव्र चीजला सफरचंद सर्वोत्तम. अर्धा किलो फोडींना १५० ग्रॅम गूळ, मूठभर तासगावचे बेदाणे, दोन लिंबांचा रस, अर्धा चमचा सुंठ आणि तीन लवंगा घालून अर्धा तास मंद शिजवावे. सौम्य पनीरला अननस व लाल मिरची खुलते, पण अननस शिजवलेलाच हवा. कच्च्या अननसातील पाचक द्रव्य दुधाच्या प्रथिनांना विघटित करते आणि सारण कडवट होते. खजूर-चिंच चीजला पार झाकून टाकते, ती चाटसाठीच बरी.

या साऱ्यांत उजवा ठरतो तो मराठी घरातला गुळांबा. साखरांबा जरा एकसुरी गोड लागतो. गुळांब्यातील कैरीचा आंबटपणा आणि गुळाची खरपूस चव चीजच्या खारटपणाला तोलून धरते. अनेक श्वेतांबर कुटुंबे आर्द्रा नक्षत्र लागल्यावर, म्हणजे साधारण २२ जूननंतर, आंबा घेत नाहीत. त्यांच्याकडील समारंभ पुढचा असेल तर सफरचंदच योजावे.

वेळेचा हिशेबही आधी मांडावा. मार्गशीर्षात मुंबई-पुण्याकडे सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि निमंत्रणपत्रिकेवर स्वागताची वेळ सातची असते. चौविहार करणाऱ्या आत्या-मावश्या मग पाण्याच्या पेल्यालाही हात न लावता बसून राहतात. टार्ट गरमच हवे असे नाही. सकाळी वाट्या भाजाव्यात, चटणी त्याच दिवशी करावी, दुपारी सारण भरून शेवटची भाजणी घ्यावी आणि पाच वाजता पहिले तबक ज्येष्ठांपुढे न्यावे. चटणी वाढतानाच वर घालावी. तासभर आधी घातली तर वाटी मऊ पडते.