धागा तुटला, पण सांगणार कोण?

मालेगाव-भिवंडीच्या साध्या यंत्रमागावर ताण्याचा एखादा धागा तुटला तरी माग चालूच राहतो. तो थांबवायचा कारागिराने. पण धागा तुटल्याचे ऐकताच जेथे शेठजी आईबहिणीवरून सुरू होतात, वर मजुरीही कापतात, तेथे कारागीर गप्प बसतो. मुकादमही शेठचा पारा पाहूनच तोंड उघडतो. दोष ताक्यात विणला जातो आणि प्रथम दिसतो तो व्यापाऱ्याला! माल परत, मग पुन्हा शिव्या.

जपानच्या साकिची तोयोदा यांच्या १९२४ च्या मागाला धागा तुटताच आपोआप थांबण्याची सोय होती. आपल्याकडे हे काम कारागिराच्या डोळ्यांवर आणि जिभेवर आहे. तेव्हा शेठजी, सकाळच्या फेरीत “कुठे तुटले?” एवढेच विचारा आणि उत्तर पुरते ऐकून घ्या.