चार बोटांची कसरत कशाला?

सबमिशनची आदली रात्र. ग्रुपमधल्या चौघांनी आपापला भाग मेलवर पाठवलाय आणि तो एकत्र करायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय. कॉपी, पेस्ट... झालं! मजकुरासोबत एकाची निळी अक्षरं, दुसरीचा भलताच फॉन्ट, तिसऱ्याची राखाडी पट्टी रिपोर्टात येऊन बसते.

लिबरऑफिस रायटरमध्ये यावर उपाय आहे. सगळी सजावट गाळून नुसता मजकूर पेस्ट करता येतो. पण शॉर्टकट काय, तर कंट्रोल+ऑल्ट+शिफ्ट+व्ही. एकदम चार बटणं! क्रोममध्ये हेच काम कंट्रोल+शिफ्ट+व्हीने होतं, त्यामुळे बोटं सवयीने तिकडेच जातात आणि रायटर मात्र ‘पेस्ट स्पेशल’ची खिडकी उघडून ‘कसं पेस्ट करू?’ विचारत बसतो.

मग बदलून टाका ना! टूल्समध्ये कस्टमाइझ, त्यात कीबोर्डचा टॅब. वरच्या यादीत कंट्रोल+शिफ्ट+व्ही निवडा, खाली ‘पेस्ट अनफॉरमॅटेड टेक्स्ट’ शोधा, असाइन करा, ओके. वर्डमध्येही सोय आहे, फक्त जरा आत दडवलेली: फाइल, ऑप्शन्स, कस्टमाइझ रिबन आणि अगदी तळाशी कीबोर्ड शॉर्टकट्स. तिथे नवी बटणं दाबली की ती आधीच कुठल्या कामाला दिलेली आहेत का, हे वर्ड लगेच दाखवतं. ती ओळ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. एक्सेल मात्र हट्टी. मूळचे शॉर्टकट बदलू देत नाही, फार तर तुमच्या मॅक्रोला एखादा देता येतो.

ही सोय म्हणजे नुसते लाड नव्हेत. फोटोशॉपमध्ये पूर्वी कंट्रोल+झेड फक्त शेवटची एक पायरी मागे-पुढे करायचं. ऑक्टोबर २०१८च्या आवृत्तीपासून ते इतर सॉफ्टवेअरसारखं एकेक पायरी मागे जाऊ लागलं. बदल योग्यच होता, पण वर्षानुवर्षं जुन्या पद्धतीला सरावलेल्या हातांचं काय? म्हणून शॉर्टकटच्याच खिडकीत जुनी पद्धत परत आणायचा पर्यायही दिला गेला.

अर्थात, कॉलेजच्या लॅबमधला पीसी तुम्हाला ओळखत नाही. घरी सहा महिने वळवलेली बोटं ऐन प्रॅक्टिकलला गडबडतात, आणि तेव्हा घड्याळ थांबत नाही. त्यामुळे कंट्रोलसोबतच्या सी, व्ही, झेड, एसला हातच लावू नका. रोज दहादा लागतं आणि रोज दहादा अडतं, तेवढंच बदला. रायटरच्या त्याच टॅबमध्ये ‘सेव्ह’ आहे. तुमचे सगळे शॉर्टकट एका फाइलमध्ये उतरतात. ती पेनड्राइव्हवर ठेवा आणि लॅबमध्ये ‘लोड’ करा. प्रॅक्टिकलला मात्र आधी सरांना विचारा.

आणि उठताना ‘रीसेट’ करायला विसरू नका. नाही तर पुढच्या बॅचमधलं कुणीतरी ‘पेस्ट स्पेशल’ शोधत तुमच्या नावाने बोटं मोडत बसेल.