बिऱ्हाड चाकांवर, मुक्काम घाटमाथ्यावर

ज्या गाडीत झोपायची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असते, तिला कॅराव्हॅन म्हणतात. तिचे मुख्य प्रकार दोन. एकात इंजिन आणि घर एकाच गाडीत असते. दुसऱ्यात घर वेगळ्या ट्रेलरवर असते आणि जीप किंवा मोटार ते ओढून नेते. भारतात पहिला प्रकार जास्त दिसतो. तेरा-सतरा आसनांच्या प्रवासी गाडीतली बाके काढून तिथे बिछाने, ओटा आणि पाण्याच्या टाक्या बसवल्या जातात.

हौसेसाठी अशी गाडी बांधून घेण्याची प्रथा इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात सुरू झाली. १८८५ मध्ये डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी ‘वाँडरर’ नावाची घोड्यांची कॅराव्हॅन बांधून घेतली आणि तिथल्या कॅराव्हॅन क्लबची स्थापना १९०७ मध्ये झाली. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघणे मराठवाड्यालाही नवे नाही. आषाढीला परभणी-गंगाखेडमार्गे पंढरपूरकडे जाणाऱ्या दिंड्यांसोबतच्या ट्रकमध्ये शिधा, भांडी, पाणी आणि राहुट्या असेच लादलेले असतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण आणले. पाणी, वीज, स्वच्छतागृह आणि सुरक्षितता असलेले वाहनतळ म्हणजे ‘कॅराव्हॅन पार्क’ ही कल्पना त्यात आहे.

अशी गाडी घेऊन परभणीहून कुठे जायचे, ते आता पाहू. परभणी जिल्हा गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या काळ्या मातीचा. जिंतूरकडे आणि गंगाखेडच्या दक्षिणेला डोंगर आहेत, पण राज्यात सर्वांत कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांत त्याची गणना होते. घनदाट जंगल आणि थंड हवा या दोन्हींसाठी इथल्या कुटुंबाला सोयीचे ठिकाण म्हणजे अमरावती जिल्ह्यातले चिखलदरा. हिंगोली, वाशीम, अकोला आणि परतवाडा असा तीनशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता आहे. मुले आणि वडीलधारी बरोबर असतील, तर वाटेत एक मुक्काम करावा.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे, तर परभणी सुमारे ४०० मीटरवर. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. या हिशेबाने केवळ उंचीमुळे चार-साडेचार अंशांचा फरक पडतो. महाराष्ट्रात कॉफीची लागवड होते ती याच परिसरात. जवळच गाविलगडचा किल्ला आहे, जो १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेने घेतला. भोवती मेळघाट व्याघ्र प्रकल्प पसरला आहे. १९७३ मध्ये व्याघ्र संरक्षणाची देशव्यापी योजना सुरू झाली, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी हा एक. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या नद्या इथून निघून तापीला मिळतात. कोरकू आदिवासींची गावे याच जंगलात आहेत.

परतवाड्यानंतर धामणगाव गढीच्या बाजूने घाट चढतो. कॅराव्हॅन मोटारीपेक्षा उंच आणि जड असते, त्यामुळे वळणावर ती जास्त कलते. पाण्याचे कॅन, धान्य आणि सिलिंडर असे जड सामान खाली, शक्यतो पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये ठेवावे. वरच्या कप्प्यांत फक्त कपडे आणि अंथरूण-पांघरूण. ज्या गिअरमध्ये घाट चढला, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावा. सतत ब्रेक दाबून ठेवला तर तो तापतो, जळका वास येतो आणि पकड सुटू लागते. अरुंद घाटात उतरणाऱ्या गाडीने थांबून चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची, असा वाहतुकीचा नियम आहे. गाडी चालू असताना मुलांना बिछान्यावर झोपू देऊ नये. सर्वांनी पट्टा लावून आसनावर बसावे.

मुक्कामी पोचल्यावर खरी कसोटी पाण्याची असते. चौघांच्या कुटुंबासाठी गाडीत १०० लिटरची टाकी आहे असे धरू. प्रत्येकाची एक बादली आंघोळ म्हणजे १५ लिटरप्रमाणे ६० लिटर. पिणे आणि स्वयंपाक २० लिटर, भांडी १५ लिटर. टाकीत उरले पाच लिटर, आणि शौचालय अजून हिशेबात आलेलेच नाही. म्हणून अशा मुक्कामात आंघोळ वाहनतळावरच्या स्नानगृहात करतात किंवा ओल्या पंच्याने अंग पुसून घेतात. भांडी आधी कागदाने पुसून घेतली की निम्म्या पाण्यात निघतात. धपाटे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असली, तर पहिल्या दिवशी चूल पेटवायचीही गरज पडत नाही.

विजेचा हिशेबही असाच काटेकोर. १२ व्होल्टची २०० अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरलेली असेल, तर तिच्यात २.४ युनिट वीज साठते. दहा वॉटचे दोन दिवे पाच तास लावले तर जेमतेम ०.१ युनिट लागते. २५ वॉटचा पंखा रात्रभर म्हणजे आठ तास फिरला तर ०.२ युनिट. पण तासाला एक युनिट खाणारे वातानुकूलन यंत्र लावले, तर बॅटरी अडीच तासांच्या आत संपते. घाटमाथ्यावर त्याची गरजही नसते. समोरासमोरच्या, जाळी लावलेल्या खिडक्या उघडल्या की पुरते.

धोका असतो तो विस्तवाचा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली की तो जमिनीलगत साचतो. त्यामुळे सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी झरोका हवा आणि प्रवासात रेग्युलेटर बंद हवा. थंडी वाजते म्हणून बंद गाडीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो, आणि झोपेतच माणूस दगावतो. बाहेर शेकोटी पेटवायची तर मुक्कामाच्या जागेच्या मालकाला विचारून, ठरलेल्या जागीच. अभयारण्यात आग लावण्याला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार मनाई आहे.

याच कायद्यामुळे कॅराव्हॅन जंगलात कुठेही उभी करून रात्र काढता येत नाही. अभयारण्यात शिरायला परवानगी लागते, आणि रात्री रस्त्याकडेला थांबणे माणसाला तितकेच वन्यप्राण्यांनाही घातक असते. सेमाडोह आणि कोलकास येथे वन विभागाच्या निवासाची सोय आहे. गाडी मात्र चिखलदरा गावात, परवानगी असलेल्या आवारात लावावी आणि जंगल पाहायला वन विभागाच्या सफारीने जावे. माकडे आणि वानरे धीट असतात. खाणे बाहेर ठेवू नये, त्यांना काही देऊही नये. पावसाळ्यात धुके आणि दरडी यांमुळे घाट अवघड होतो. पहिल्या सहलीसाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. हिवाळ्यात रात्री कडाका असतो, तेव्हा घोंगडी न्यायला विसरू नये.

शेवटचा प्रश्न सांडपाण्याचा. गाडीत भांड्यांच्या पाण्याची एक टाकी असते आणि शौचालयाची दुसरी. दोन्ही ओढ्यात किंवा झाडीत रिकाम्या करू नयेत. तेच पाणी खालच्या गावांच्या पाणवठ्यावर जाते. शौचालयाच्या टाकीतली काही रसायने मैला कुजवणारे जिवाणू मारतात, त्यामुळे टाकी कुठे रिकामी करायची हे जागेच्या व्यवस्थापनाला आधी विचारावे. प्लास्टिक आणि उरलेले अन्न वेगवेगळ्या पिशव्यांत भरून परत आणावे.

भाड्याच्या कॅराव्हॅनसोबत बहुधा चालक मिळतो. स्वतः चालवायची असेल, तर ७५०० किलोपर्यंतच्या गाडीला हलक्या मोटार वाहनाचा परवाना चालतो. पण नवख्या कुटुंबाने थेट घाट गाठू नये. पहिली रात्र परभणीतच, घरासमोर किंवा शेतात गाडी उभी करून तिच्यात काढावी. टाकी कितीला रिती झाली, बॅटरी किती पुरली आणि रात्री कोणाला काय लागले, हे एका रात्रीत कळते. सामानाची यादी त्यानंतर करावी.