आकडा आणि सूत्र : प्रयोगशाळेतील संगणकीय तक्त्याविषयी थोडेसे

सुरतेच्या व्यापारी पेढ्यांवर दिवाळीला आजही चोपडापूजन होते. चोपड्यात शाईने लिहिलेला आकडा लिहिला तसाच राहतो. संगणकावरील तक्त्याचे तसे नाही. डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांचा ‘व्हिजिकॅल्क’ १९७९ साली आला, तेव्हापासून तक्त्याच्या चौकटीत दोन भिन्न गोष्टी नांदतात : हाताने भरलेला स्थिर आकडा आणि इतर चौकटींवरून उत्तर काढणारे सूत्र. पडद्यावर मात्र दोन्ही सारखीच दिसतात. आपल्या व्यवसायात हा भेद रुग्णाच्या जिवाशी निगडित आहे.

आयएनआरचे उदाहरण घेऊ. रुग्णाच्या प्रोथ्रॉम्बिन टाइमला सामान्य सरासरीने भागावयाचे व येणाऱ्या गुणोत्तराचा आयएसआय इतका घात काढावयाचा, हे सूत्र. आयएसआय हा अंक रिएजंटच्या बाटलीबरोबर येतो आणि नव्या बॅचबरोबर बदलू शकतो. रुग्णाचे ३० सेकंद व सरासरी १२ सेकंद असल्यास गुणोत्तर २.५ येते. आयएसआय १.० असेल तर आयएनआर २.५, म्हणजे बहुतेक रुग्णांसाठी इष्ट अशा २ ते ३ या मर्यादेत. आयएसआय १.५ असेल तर तोच ३.९५ होतो, म्हणजे रक्तस्रावाचा धोका! २००१ मध्ये फिलाडेल्फियातील एका रुग्णालयात नव्या रिएजंटचा आयएसआय गणनेत भरला गेला नाही. आयएनआर प्रत्यक्षाहून कमी दिसला, रुग्णांना वॉरफरिन जास्त दिले गेले आणि काहींना प्राण गमवावे लागले.

यावरून काही नियम सहज निघतात.

१) बदलणारा अंक सूत्राच्या पोटात दडवू नये. त्यास स्वतंत्र, नाव दिलेली चौकट असावी. शेजारी बॅच क्रमांक व तारीख असावी.

२) एकच सामाईक आयएसआय चौकट ठेवली, तर तो अंक बदलताच मागील महिन्यांचे अहवालही मुकाट्याने बदलतात. म्हणून प्रत्येक नोंदीच्या ओळीतच त्या दिवशीचा आयएसआय लिहावा. दिलेला अहवाल मात्र ‘पेस्ट स्पेशल’मधील ‘व्हॅल्यूज’ वापरून गोठवावा; त्यापुढे तो सूत्र नव्हे, दस्तऐवज असतो.

३) सूत्रावर चुकून आकडा टंकला गेल्यास सूत्र नाहीसे होते व त्या चौकटीतले उत्तर कायमचे थिजते. एक्सेलमध्ये सर्व चौकटी मुळात ‘लॉक’ असतात, परंतु पत्रक ‘प्रोटेक्ट’ केल्याविना त्या कुलपास अर्थ नसतो. माहिती भरावयाच्या चौकटी तेवढ्या आधी खुल्या कराव्यात व त्यांना निराळा रंग द्यावा.

४) ‘गो टू स्पेशल’मधील ‘कॉन्स्टंट्स’ हा पर्याय सूत्रांच्या स्तंभात शिरलेले आकडे दाखवितो. ही तपासणी ठराविक काळाने व्हावी.

सूत्र म्हणजे चालू हिशेब आणि अहवाल म्हणजे दिलेला शब्द. पहिला बदलत्या माहितीबरोबर बदललाच पाहिजे. दुसरा आपल्या नकळत कधीही बदलता कामा नये.