लवचिक अंगाला आणखी ताण कशाला?

मधल्या सुट्टीत अंगठा वाकवून कोपराखालच्या हाताला टेकवून दाखवणाऱ्या मुलीभोवती घोळका जमतो. हिला जिमनॅस्टिक्सला घाला, भरतनाट्यमला घाला, असं सगळे सुचवतात. अशा अनेकांना पुढे काहीच त्रास होत नाही. काहींचा मात्र पाय सारखा मुरगळतो, खांदा निखळतो, दिवसअखेर अंग मोडून येतं. एक्स-रे स्वच्छ, रक्ताचे अहवालही ठीक. मग घरचेच म्हणतात, ‘नाजूकच आहे बाई!’

सांधे किती सैल आहेत हे बेटन चाचणीत 9 गुणांवर मोजतात. करंगळी 90 अंशांपलीकडे मागे जाते का, अंगठा कोपराखालच्या हाताला टेकतो का, कोपर आणि गुडघा 10 अंशांहून जास्त उलटा वळतो का, हे दोन्ही बाजूंना पाहायचं. शिवाय गुडघे ताठ ठेवून तळवे जमिनीला टेकतात का, याचा एक गुण. प्रौढांत सर्वसाधारणपणे 5 गुण म्हणजे सांधे अतिसैल. पन्नाशीनंतर 4 पुरतात. पण गुण म्हणजे आजार नव्हे. दुखणं किती, थकवा किती, हे डॉक्टरांना वेगळं सांगावं लागतं.

हाडांना जोडणारे अस्थिबंध सैल असले की सांधा सावरण्याचं काम स्नायूंवर पडतं. सांधा नेमका कुठवर वळलाय याची जाणीवही अनेकांत कमी असते. म्हणून इलाज ताणण्यात नाही, ताकद कमावण्यात आहे. योगवर्गात पश्चिमोत्तानासन सहज जमणाऱ्यालाच शाबासकी मिळते. माझ्या मते शिक्षकांनी त्यालाच आधी थांबवायला हवं. शेवटच्या टोकापर्यंत न जाता, जरा अलीकडेच स्नायू आवळून स्थिर राहायचं. उभं राहताना गुडघे मागे ढकलून ‘लॉक’ करायचे नाहीत. सांधेदुखी जाणणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून हलका, सावकाश वाढवत नेलेला व्यायाम शिकावा. बरं वाटलं म्हणून एकाच रविवारी सगळं घर आवरायला काढलं, की पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. कामाचे तुकडे पाडलेले बरे. लिहिताना बोटं दुखत असतील तर जाड पेन घ्यावं. काहींना दाताच्या डॉक्टरांचं भुलीचं इंजेक्शन नीट लागत नाही, तेव्हा ते आधीच सांगून ठेवावं.

उभं राहताच छाती धडधडून घेरी येत असेल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावं. घरात कुणाची महाधमनी फाटली असेल किंवा डोळ्यातलं भिंग सरकलं असेल, तर मात्र व्यायामाआधी हृदयाची तपासणी आणि जनुकतज्ज्ञांचा सल्ला घ्यायला हवा.